पहिली उचल : उचगावच्या मुलीच्या परदेशी शिक्षणाचा पैसा कसा जमला, कुठे अडला

२०२३ च्या दिवाळीआधी आमच्या निधीकडे एक अर्ज आला. मागितलेली रक्कम वीस हजार रुपये. कारणाच्या रकान्यात तीन शब्द : जर्मनीला शिकायला जाणे. सोबत गुणपत्रिका, वडिलांची पगारपावती, आधारची झेरॉक्स. प्रवेशपत्र नाही. आमच्या फॉर्मवर सातव्या क्रमांकाला ठळक छापलेलं होतं, ‘प्रवेशपत्राची प्रत जोडणे बंधनकारक’. प्रत नाही म्हणून अर्ज बाजूच्या गठ्ठ्यात गेला. तो तिथे मीच ठेवला.

आम्ही कोण, ते आधी सांगतो. १९८९ साली कोल्हापुरातून मेकॅनिकल होऊन बाहेर पडलेली ही बॅच. कोणी चिंचवडला, कोणी दुबईत, दोघं श्टुटगार्टजवळ, आणि माझ्यासारखे सात-आठ जण इथंच शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत केस पिकवलेले. २०१६ पासून वर्गणी काढून दरवर्षी चार-पाच मुलांची फी भरतो. वर्षाला पाच-सहा लाख जमतात. नोंदणीकृत न्यास नाही, तिघांच्या सह्यांचं एक खातं आहे. बैठक उद्यमनगरात एका मित्राच्या शॉपच्या पोटमाळ्यावर होते. खाली लेथ चालू, आणि वर आम्ही चहा पीत दुसऱ्याच्या गरिबीची छाननी करतोय, असं ते दृश्य. सांगायला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

त्या मुलीचं कौतुक गावानं पुरेसं केलं, चौकात फ्लेक्ससुद्धा लागला. माझा विषय वेगळा आहे. परदेशी शिक्षणाला दात्यांचा पैसा मिळतो म्हणजे नेमकं काय होतं, तो कुठल्या क्रमाने येतो, कुठे रुततो, हे मला कुठंच नीट लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून एकच प्रकरण पहिल्यापासून मांडतोय. तिचं नाव देत नाही, तिचीच तशी इच्छा आहे.

मुलगी उचगावची. वडील शिरोलीच्या एका फौंड्रीत पोअरिंगला. म्हणजे भट्टीतून लॅडलमध्ये घेतलेलं वितळलेलं लोखंड साच्यांत ओतायचं. पगार हातात पडतो एकोणीस हजार. आई दोन म्हशींचं दूध संस्थेला घालते, धाकटा भाऊ आयटीआयला. त्यांच्या घराचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून उंबऱ्याशी एक कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाची वस्तू, ठेवलेलं असतं. पंपाच्या हाउसिंगचा अर्धा कापलेला तुकडा, अडीच किलोचा, आणि कापलेल्या तोंडावर मसुराएवढी भोकं. ब्लो होल. साच्यातल्या वायूला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की तो कास्टिंगच्या पोटातच अडकतो, त्याची ही खूण. वडिलांनी रिजेक्शनच्या ढिगातून उचलून आणलेला. पोरगी लहानपणापासून त्याला अंगठा ठेचत मोठी झाली. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिने वापरलेली वाळू पुन्हा साच्यात वापरण्यावर केला, तोही कॉपी-पेस्टचा नव्हे. कोल्हापुरात फौंड्रीची टाकाऊ वाळू कुठे टाकायची हा रोजचा प्रश्न आहे, एमआयडीसीच्या रस्त्यांनी फिरणाऱ्याला ते काळे ढीग सांगावे लागत नाहीत. २०२२ ला बी. ई. झाल्यावर ती एका फौंड्रीत क्वालिटीला लागली, सोळा हजारांवर.

तिला जायचं होतं जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यातल्या फ्रायबर्गला. १७६५ साली खाणविद्येसाठी निघालेली अकादमी, आज तांत्रिक विद्यापीठ. जर्मेनियम हे मूलद्रव्य १८८६ साली इथंच सापडलं. ओतकामासाठी तिथे वेगळी संस्था आहे. आणि फी नाही. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं बाहेरच्या विद्यार्थ्यांकडूनही शिकवणीची फी घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो लावलेत.

‘मग राज्य सरकारची शिष्यवृत्ती का नाही?’ हा आमचा पहिला शहाणा प्रश्न. समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, सारथीची सयाजीराव गायकवाडांच्या नावाची आहे. या योजनांत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेंत असावं लागतं. फ्रायबर्ग त्यात नाही. ओतकामात नाव मोठं, पण क्रमवारी सगळ्या विषयांची मिळून लागते. लहान, एकाच विषयात खोल गेलेली विद्यापीठं अशा चाळणीतून खाली पडतात. चाळणी लावणाऱ्याचं मी समजू शकतो, पैसा सरकारी आहे, काहीतरी माप हवं. पण मोल्डिंग शिकायला निघालेल्या पोरीला ते माप लागू पडलं नाही, एवढं खरं.

आधीचा पैसा

अर्ज बाजूला ठेवल्यावर पंधरा दिवसांनी तिचा फोन आला.

“सर, मी तुमच्याकडं अर्ज केलतो, त्याचं काय झालं?”

पुण्याच्या आमच्या एका मित्राला ही भाषा ऐकून वाटलं की मुलाचाच फोन आहे. कोल्हापूरच्या मुली ‘मी गेलो, मी आलो’च म्हणतात, ते त्याला चिंचवडला राहून विसरायला झालंय. मी सांगितलं, प्रवेशपत्र जोड, मग बघू. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “सर, प्रवेश मिळवायलाच पैसे पायजेत की.”

तिला घरी बोलावलं आणि एका पाठकोऱ्या कागदावर तिच्याकडून खर्च लिहून घेतला. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा सतरा हजारांच्या घरात. जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे पदवीच्या कागदांची पडताळणी, सक्तीचं झालंय, त्याचे अठरा हजार. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, साक्षांकन, कुरिअर असं सगळं मिळून सात हजार. तीन विद्यापीठांचे अर्ज यूनी-असिस्ट या संस्थेमार्फत जायचे, पहिल्याचे ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाचे ३०, म्हणजे सुमारे बारा हजार. पासपोर्ट दीड हजार. जर्मन भाषेचा क्लास पंधरा हजार. बेरीज सत्तर हजारांच्या पुढे गेली, आणि यातला एकही रुपया प्रवेशाची खात्री देत नाही. वडिलांचा जवळजवळ चार महिन्यांचा पगार.

मग वीसच हजार का मागितलेस, असं विचारलं तर म्हणाली, जास्त मागितलं तर अजिबात देणार नाहीत असं वाटलं. निधी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं. गरजू पोरं गरजेएवढं मागत नाहीत, समोरच्याच्या तोंडाकडे बघून मागतात.

पुढच्या बैठकीत वाद झाला. एक जण म्हणाला, एवढे पैसे दिले आणि प्रवेशच मिळाला नाही तर? सगळेच गप्प. शॉपचा मालक खालून हात पुसत वर आला होता, तो म्हणाला, “गिऱ्हाइकाकडनं पॅटर्नचे पैसे कधी घेतोस रे? कास्टिंग निघाल्यावर?”

ज्यांना या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कास्टिंग ओतायच्या आधी पॅटर्न करावा लागतो, त्याच्यावरूनच वाळूत साचा उठतो. त्याचे पैसे गिऱ्हाइकाला आधी मोजावे लागतात, जॉब पुढे पास होवो की नापास. आम्ही सगळे आयुष्यभर हाच व्यवहार करत आलो, आणि पोरांच्या बाबतीत मात्र पहिलं कास्टिंग हातात दे, मग पॅटर्नचे पैसे देतो, असं म्हणत बसलो होतो.

पंचाहत्तर हजार मंजूर झाले. सहा जणांच्या सह्या, एकाची नाराजी. नाराज माणसाचीही बाजू होती, ती पुढे येते.

परत द्यायची ती शिष्यवृत्ती कसली?

२०२४ च्या जूनमध्ये फ्रायबर्गचं पत्र आलं. तोवर तिने मुंबईतल्या एका जुन्या न्यासाकडे अर्ज करून ठेवला होता. मुलाखतीला महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून गेली, आणि पिशवीत ते दाराला लावायचं कास्टिंग घेऊन गेली. इंग्रजीत अडखळायला झालं तर वस्तू दाखवून बोलता येईल, असा तिचा हिशेब. इमारतीच्या गेटवर रखवालदाराने पिशवी उघडायला लावली. “ये लोहा अंदर नहीं जाएगा.” लोखंड गेटवर राहिलं. आत तिने त्यांचाच कागद मागून घेतला, साच्याचा छेद काढला, वायू कुठून निघायला हवा होता आणि कुठे अडकला हे बाण काढून दाखवलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे अर्ध्या तासातली वीस मिनिटं त्या कागदावरच गेली. परत येताना गेटवरून लोखंड घ्यायला मात्र विसरली नाही.

न्यासाने पाच लाख मंजूर केले. गावात ‘पाच लाखांची शिष्यवृत्ती मिळाली’ असं झालं, फ्लेक्स लागला तो याच आठवड्यात. वडिलांनी पत्र मला आणून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की ही रक्कम बिनव्याजी आहे आणि शिक्षण संपल्यावर ठरावीक हप्त्यांनी परत करायची आहे.

“सर, परत द्यायची तर ती शिष्यवृत्ती कसली?”

प्रश्न रास्त होता. आपल्याकडच्या दात्यांच्या परदेशी शिक्षणाच्या पैशातला मोठा वाटा याच जातीचा आहे, कर्ज-शिष्यवृत्ती. जमशेदजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेला जे. एन. टाटा निधी याच तत्त्वावर उभा राहिला, आणि के. सी. महिंद्रा, नरोत्तम सेखसरिया यांच्या नावाच्या शिष्यवृत्त्याही बिनव्याजी कर्जाच्याच. परत आलेल्या हप्त्यांतून पुढची पोरं जातात, म्हणून भांडं रिकामं होत नाही. टाटांच्या निधीचं कोल्हापूरशी नातं पहिल्या दिवसांपासूनचं आहे. त्यातून विलायतेला गेलेल्या पहिल्या दोघी स्त्री डॉक्टर म्हणजे फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, काम केलं. त्यांच्या आई रखमाबाई शाहू महाराजांच्या संस्थानात मुलींच्या शिक्षणाचं खातं बघत. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते टाटांचेच विद्यार्थी म्हणून.

मी वडिलांना नारळीकर सांगितले, पण ते पटल्यासारखे दिसले नाहीत. मग म्हटलं, हे बघा, बँक घरावर बोजा चढवते, व्याज लावते, आणि पोरीला नोकरी लागो न लागो, पैसे मागते. हे लोक घर मागत नाहीत, व्याज मागत नाहीत. ते म्हणाले, “म्हणजे हातउसनं.” मी म्हणालो, हातउसनंच. हा शब्द त्यांना कळला आणि पटला. परतफेडीचा धसका मात्र गेला नाही, आणि जाऊही नये.

कोंडी

खरी गाठ इथून पुढे पडली. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी पहिल्या वर्षाचा राहण्या-खाण्याचा पैसा आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावा लागतो. तो पैसा तुमचाच असतो, पण तिथे पोचल्यावर दरमहा ठरावीक हप्त्यानेच बाहेर येतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती रक्कम ११,२०८ युरो होती, तेव्हाच्या दराने सव्वादहा लाख रुपये.

बँकेकडे गेलो. त्या बँकेत शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारण न घेता मिळत होतं, त्याच्या वर तारण मागत होते. घर होतं, पण प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचं नाव, वारस चार, आणि त्यातले एक काका मुंबईला, त्यांची सही म्हणजे वेगळंच प्रकरण. म्हणून चार लाखांवरच थांबलो. वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून नव्वद हजार. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सात वर्षं खातं झालेल्याला मुलांच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी स्वतःच्या वर्गणीतला निम्म्यापर्यंत भाग काढता यायचा, हे कारखान्याच्या टाइम ऑफिसला माहीत होतं, वडिलांना नव्हतं. आईच्या बचत गटाकडून चाळीस हजार. राहिले पाच लाख, आणि ते तर न्यासाने मंजूर केलेलेच होते.

न्यासाचं पत्र पुन्हा नीट वाचलं. चौथ्या कलमात होतं : व्हिसा लागल्याचा पुरावा सादर केल्यावर धनादेश देण्यात येईल.

म्हणजे व्हिसा हवा तर पैसे दाखवा, आणि पैसे हवेत तर व्हिसा दाखवा. फोन केला. पलीकडची बाई सभ्यपणे बोलली, पण नियम तोच. त्यांचंही चुकलेलं नाही. आधी पैसे दिले आणि व्हिसा नाकारला गेला, असे अनुभव गाठीशी असल्याशिवाय कोणी असं कलम लिहीत नाही. आमच्या फॉर्मवरचं सातवं कलम आणि त्यांचं चौथं, दोन्ही एकाच भीतीतून आलेली भावंडं. फक्त या वेळी मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो होतो.

आपल्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की पहिली उचल, म्हणजे कारखान्याने द्यायचा पहिला हप्ता, किती यावर दरवर्षी रान पेटतं. ऊस नेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, द्यावी असा नियमच आहे, तो पाळला जात नाही म्हणून आंदोलनं होतात. अंतिम दरापेक्षा पहिल्या उचलीवर भांडण जास्त, कारण सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, लग्न, सगळं त्या पहिल्या पैशावर बेतलेलं असतं. या पोरीला पाच लाखांचा अंतिम दर मिळाला होता, उचल नव्हती.

उचल दिली दुबईतल्या मित्राने. ग्रुपवर मी रात्री दहाला लिहिलं, आणि सकाळी त्याचा निरोप : ‘पाच लाख मी टाकतो, न्यासाचा चेक आला की परत द्या. दान नाही हां, उसने.’ एका कागदावर चार ओळी लिहिल्या, वडिलांची सही, माझी साक्षीदार म्हणून. बँकेतल्या ओळखीच्या माणसाने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे शिक्षणासाठी बाहेर पाठवायच्या रकमेवर माणशी सात लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला जात नव्हता. म्हणून कर्जाचे चार लाख मुलीच्या नावावरून गेले आणि बाकीचे वडिलांच्या. सगळं एकाच्याच नावावर टाकलं असतं तर वरच्या रकमेवर कर आधी कापून जायचा आणि रिटर्न भरून परत मिळेपर्यंत वर्ष जायचं. वडिलांनी आयुष्यात रिटर्न भरलेलं नाही.

वाटलं, सुटलो. तेवढ्यात १ सप्टेंबर २०२४ पासून बंद खात्याची रक्कम ११,९०४ युरो झाली, आणि तिची मुंबईची अपॉइंटमेंट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. फरक ६९६ युरोंचा, पासष्ट हजार रुपये. सव्वादहा लाख उभे करून झालेल्या घरात पासष्ट हजार म्हणजे काय, ते सांगून कळत नाही. आई म्हणाली, एक म्हैस काढू. आम्ही निधीतून दिले. म्हैस राहिली. तिकिटाचे पंचेचाळीस हजार मामानं दिले, तो सांगलीला रिक्षा चालवतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्हिसा लागला, ती गेली. न्यासाचा धनादेश आला, त्याच दिवशी दुबईच्या मित्राचे पाच लाख परत केले. पैसा बाहेर राहिला पंचावन्न दिवस. या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची मदत कुठली असं मला कोणी विचारलं, तर ते हे पंचावन्न दिवस, आणि त्यात कोणाचाही रुपया खर्च झालेला नाही.

दुसरं वर्ष

तिथे गेल्यावर खात्यातून दरमहा ९९२ युरो निघायचे. वसतिगृहाची खोली अडीचशे-तीनशेच्या मधली, आरोग्य विमा साधारण एकशे चाळीस, बाकी पोटाला. पहिल्या थंडीत तिने फोनवर एवढंच सांगितलं की इथं भाकरीचं पीठ महाग आहे, मी ब्रेड खायला शिकलो.

वर्षभराने राहण्याचा परवाना वाढवून घ्यायचा तर पुढच्या वर्षाचाही पैसा दाखवावा लागतो. म्हणजे तोच खड्डा पुन्हा. कोल्हापुरात आता काहीच उरलं नव्हतं. तेव्हा दोन गोष्टी कामाला आल्या. पहिली, काम. जर्मनीत विद्यार्थ्यांना मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि विद्यापीठातच सहाय्यकाचं काम केलं तर ते दिवस यात धरत नाहीत. तिला ओतकामाच्या संस्थेतच वाळूच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. साच्याची वाळू चाळायची, ओलावा मोजायचा, नमुने दाबून तोडायचे आणि आकडे लिहायचे. महिन्याला सहाशे युरोंच्या आसपास. वडील ऐकून हसले. “एवढ्या लांब जाऊन वाळूच चाळतीया.”

दुसरी गोष्ट जर्मनीतल्याच दात्यांची. २०११ पासून तिथे डॉइचलांड-श्टिपेंडिअम नावाची योजना चालते. महिन्याला ३०० युरो. त्यातले १५० कोणीतरी खाजगी दाता देतो, कंपनी, माजी विद्यार्थी, एखादी संस्था, आणि उरलेले १५० केंद्र सरकार घालतं. दाते विद्यापीठाने शोधायचे. निवडीत गुण बघतात, तसंच घरची परिस्थिती आणि समाजासाठी काय केलं हेही बघतात. देशाची अट नाही, आणि हे पैसे परत द्यायचे नाहीत. त्याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे दात्याला बदल्यात विद्यार्थ्याकडून काम किंवा पुढे नोकरीची हमी मागता येत नाही, कायद्यातच तसं आहे. ऑक्टोबर २०२५ पासून तिला हे मिळतंय. दाता तिथल्याच भागातली एक लहान फौंड्री. समारंभात मालक भेटला, त्याने पहिला प्रश्न विचारला तो कोल्हापुरात रिजेक्शन किती टक्के असतं याचा. तिने खरा आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, आमचीच लाज जाईल.

हिशेब करून बघा. त्या फौंड्रीच्या खिशातून वर्षाला जातात १,८०० युरो. आमच्या निधीतून या मुलीसाठी गेले एक लाख चाळीस हजार रुपये, म्हणजे त्याहून थोडे कमीच. त्यांच्या प्रत्येक युरोला सरकार दुसरा जोडून देतं, आमच्या रुपयाला दुबईचा मित्र. यावर कोणी राज्य सरकारला पत्र लिहायचं म्हणत असेल तर माझी सही घ्या, पण फार आशा धरू नका.

परत यायला पाहिजे काय?

बॅचमध्ये सगळ्यात जास्त भांडण यावर झालं. ब्रिटनची चिव्हनिंग शिष्यवृत्ती घेणाऱ्याला शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी यावं लागतं. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली सयाजीरावांनी कोलंबियाला पाठवलं ते महिन्याला साडेअकरा पौंड देऊन, आणि दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ ला लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं, बडोद्यात राहायला घर मिळेना. १९२० ला ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची बचत, नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, असं ठिगळाला ठिगळ जोडून. बिंदू चौकातून जाताना मला हे हटकून आठवतं. तिथला त्यांचा पुतळा १९५० चा, ते हयात असतानाचा.

आमच्यातले दोघं म्हणतात की आपण अट घालायला हवी होती, दोन वर्षं तरी कोल्हापूरच्या फौंड्रीत काम कर. मी विरोधात आहे. इथे परत आल्यावर तिला तीस-पस्तीस हजार पगार मिळेल, आणि त्यात बँकेचा हप्ता आणि न्यासाचा हप्ता कसा बसवायचा? मास्टर्स झाल्यावर जर्मनीत नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. आधी कर्ज फेडू दे. ती स्वतः काय म्हणते? “बघू सर, अजून काय ठरवलो नाही.” सध्या प्रबंधाचं काम चालू आहे, विषय वापरलेल्या वाळूचाच.

नाराज माणसाची बाजू सांगायची राहिली. या मुलीनंतरच्या वर्षी आम्ही आणखी एका मुलाला असेच आधी पंचाहत्तर हजार दिले. त्याने ते एका एजंटाच्या हातात ठेवले, एजंटाने त्याला भलत्याच खाजगी कॉलेजचा प्रवेश करून दिला, व्हिसा नाकारला गेला. पैसे गेले. मुलगा आता फोन उचलत नाही, लाजेनं. बैठकीत आमचा नाराज मित्र काही बोलला नाही, फक्त फॉर्मवरच्या सातव्या कलमावर बोट ठेवलं. तेव्हापासून आम्ही रोख रक्कम देत नाही. परीक्षेची फी, एपीएस, अर्ज, जे असेल ते विद्यार्थ्याला समोर बसवून थेट भरतो. यानं वेळ जातो, पण एजंट मध्ये येत नाही.

सातवं कलम मात्र अजून छापलेलंच आहे. ते काढायचं ठरलं आणि राहिलं, जुने फॉर्म शिल्लक आहेत म्हणून.

गेल्या आठवड्यात गडहिंग्लजच्या एका मुलाचा अर्ज आलाय. पासपोर्ट आणि परीक्षा, साडेअठरा हजार. प्रवेशपत्र जोडलेलं नाही. मी तो वरच्या गठ्ठ्यात ठेवलाय. बैठक रविवारी अकराला आहे, आणि दोघांनी आधीच हरकत कळवली आहे.